जुना लॅपटॉप, डेबियन १२ आणि नवं वायफाय कार्ड

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि वायफाय बदलायचंय, अशा लोकांसाठी हे लिहितेय. मी बी.कॉम. झालेली बाई, साताऱ्यात घरूनच छोट्या दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरते. महिन्यातल्या दोन तारखा कायम डोक्यावर असतात. जीएसटीआर-१ या रिटर्नची ११ आणि जीएसटीआर-३बी ची २०. त्यामुळे इंटरनेट बंद पडलं की माझं कामच थांबतं. कार्ड बदलताना मला जी माहिती तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली, ती इथे ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने देते.

लॅपटॉप पुण्यातून सेकंडहँड घेतलेला. पहिल्या पिढीतला एएमडी रायझन, ८ जीबी रॅम. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, म्हणून मे २०२४ मध्ये भाच्याच्या मदतीने त्यावर डेबियन १२ हे लिनक्स टाकलं. तो इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत आला होता. इन्स्टॉलेशन सुरळीत झालं आणि जुनं वायफायही आपोआप लागलं. पूर्वी डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंदिस्त फर्मवेअर (म्हणजे उपकरणाच्या चिपवर चालणारा, मूळ कोड खुला नसलेला प्रोग्रॅम) नसायचं, त्यामुळे वायफायवाले लोक सुरुवातीलाच अडकायचे. २०२२ मध्ये डेबियनच्या डेव्हलपरांनी मतदान करून ते इन्स्टॉलरमध्येच द्यायचं ठरवलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून तसं झालं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येतो.

मग कार्ड बदलायचं कशाला? जूनच्या सुरुवातीला घरी फायबर आलं, २०० एमबीपीएसचं. राउटर हॉलमध्ये, माझं टेबल मागच्या खोलीत. फोनवर भराभर चालायचं आणि लॅपटॉपवर जीएसटीचं पोर्टल गोल फिरत बसायचं. जुनं कार्ड फक्त २.४ गीगाहर्ट्झचं होतं. त्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आमच्या सोसायटीत प्रत्येक घरात एक राउटर, शिवाय खालच्या क्लासवाल्यांचे वेगळे. टर्मिनलमध्ये ‘एनएमसीएलआय डेव्ह वायफाय’ दिलं की आसपासच्या नेटवर्कांची यादी चॅनेलसकट दिसते. माझी यादी स्क्रीनवर मावेना. ५ गीगाहर्ट्झ पकडणारं काहीतरी हवं, एवढं नक्की झालं. लॅनची वायर लावावी तर लॅपटॉपला पोर्टच नाही.

भाचा म्हणाला, “मावशी, माझ्याकडे यूएसबीत लावायचा एक वायफाय डोंगल पडलाय, ड्युअल बँड आहे, ५ गीगाहर्ट्झही पकडतो. तोवर वापर.” कंपनीचं नाव देत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. एकाच नावाच्या डोंगलमध्ये आत वेगळी चिप निघू शकते, आणि वेगवेगळ्या पाच कंपन्यांच्या खोक्यांत एकच चिप असू शकते. लिनक्सला घेणंदेणं असतं ते चिपशी. यूएसबी उपकरण लावून ‘एलएसयूएसबी’ लिहिलं की चार-चार अक्षरांचा जोडक्रमांक दिसतो, पहिला भाग बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा. इंटरनेटवर शोधायचा तो हा क्रमांक.

आमच्या डोंगलचा क्रमांक शोधला तर तो चक्क डिस्क निघाला. असे बरेच डोंगल पहिल्यांदा लावल्यावर मी सीडी आहे असं सांगतात, म्हणजे विंडोजवाल्याला त्यातूनच ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, मिळावा. ती ‘सीडी’ इजेक्ट केली की क्रमांक बदलतो आणि खरं वायफाय उपकरण पुढे येतं. हे काम करणारं ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाचं पॅकेज डेबियनमध्ये आहे. ते टाकल्यावर खरा क्रमांक कळला आणि हेही कळलं की या चिपचा ड्रायव्हर डेबियन १२ च्या ६.१ कर्नलमध्ये नाही. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर साधारणपणे त्याच्यातूनच येतात. यात नसेल तर बाहेरून कोड आणून आपल्या मशीनवर बांधावा लागतो. त्यासाठी डीकेएमएस नावाची सोय आहे, कर्नल बदलला की ती ड्रायव्हर पुन्हा बांधते.

बांधून झालं, तरी चालेना. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा संदेश आला. मला वाटलं वायफायचा पासवर्ड नाकारला. तसं नव्हतं. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. डीकेएमएस स्वतःची एक चावी बनवून ड्रायव्हरवर सही करतं, पण ती चावी आपल्या ओळखीची आहे हे मशीनला आपणच सांगायचं असतं. ‘मॉकयुटिल’ने चावी नोंदवायची, एक तात्पुरता पासवर्ड द्यायचा आणि रीस्टार्ट करायचं. मग निळा पडदा येतो. तिथे दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबलं नाही तर तो निघून जातो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून त्या वेळी चहा ठेवायला उठू नका. पडद्यावर ‘एनरोल मॉक’ निवडायचं, पासवर्ड द्यायचा. तो साध्या इंग्रजी अक्षरांचा ठेवा, तिथे कीबोर्ड अमेरिकन पद्धतीचाच धरला जातो.

त्यानंतर डोंगल लागला आणि २० जूनचं ३बी त्याच्यावरच भरलं. जरा गरम व्हायचा, पण चालायचा.

२९ जूनला डेबियन १२.६ आलं. ही डेबियनची नेहमीची पद्धत, दर थोड्या महिन्यांनी दुरुस्त्यांचा एक गठ्ठा येतो आणि त्यात बहुतेकदा नवा कर्नल असतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी अपडेट केलं, रीस्टार्ट केलं, आणि डोंगल मुका. डीकेएमएस नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधू शकलं नव्हतं, कारण त्याला लागणाऱ्या हेडर फाइली फक्त जुन्या कर्नलच्या होत्या. ड्रायव्हरसोबतच्या सूचनांमध्ये ‘सध्याच्या कर्नलचे हेडर’ टाकायला सांगितलेलं असतं, तेवढंच टाकलं की पुढच्या अपडेटला हे होतं. त्याऐवजी ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे पॅकेज टाकायचं, ते कर्नलबरोबर स्वतः पुढे सरकतं. उपाय सोपा आहे. पण तो सापडेपर्यंत ११ तारीख जवळ आली होती आणि माझ्या पोटात गोळा आला होता. दुकानदारांना काय सांगणार, की कर्नलचे हेडर नाहीत?

तेव्हा कामाला आली ती फोनची यूएसबी टेदरिंग. अख्ख्या लेखातलं एवढं एक वाचलंत तरी चालेल. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरीने लॅपटॉपला जोडा, सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्सला तो वायरवाला इंटरनेट वाटतो, कुठलाही ड्रायव्हर टाकावा लागत नाही. बहुतेक फोन घरच्या वायफायवर असतील तर तेच वायफाय वायरीतून पुढे देतात, मोबाइल डेटाही जात नाही. वायर मात्र डेटावाली हवी, नुसत्या चार्जिंगच्या वायरीवर तो पर्याय उमटतच नाही. जीएसटीआर-१ मी असाच भरला, फोन लॅपटॉपच्या शेजारी आडवा ठेवून.

हेडर टाकून डोंगल परत चालू झाला, पण माझा त्यावरचा विश्वास उडाला. प्रत्येक अपडेटला देव पाण्यात ठेवायला माझ्याकडे वेळ नाही. म्हणून पहिली अट ठरवली: ड्रायव्हर कर्नलच्या आतच हवा. बाहेरून बांधणं नको, सही नको. दुसरी अट, लॅपटॉपच्या आतच बसणारं हवं.

लॅपटॉपातली वायफाय कार्डं आजकाल एम.२ नावाच्या खाचेत बसतात, २२ बाय ३० मिलिमीटरची छोटी पट्टी असते. शोधाशोध केल्यावर इंटेलचं एएक्स२१० समोर आलं. इंटेलच्या स्वतःच्या यादीत त्याच्यासाठी ५.१० पासूनचा कर्नल दिलाय, माझा ६.१, म्हणजे भरपूर पुढचा. आता इथे एक मोठी गोम आहे. एएक्स२१० आणि एएक्स२११ ही दोन कार्डं नावाने सख्खी भावंडं वाटतात, पण २११ हे अर्धंच कार्ड असतं. त्याचा उरलेला भाग इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरच्या जोडीने येणाऱ्या चिपमध्ये असतो. या पद्धतीला सीएनव्हीआय म्हणतात. एएमडीच्या लॅपटॉपात ते खाचेत बसेल, चालणार मात्र नाही. एएक्स२०१ चंही तेच. एएमडीवाल्यांनी २०० किंवा २१० च बघायचं.

ज्या विक्रेत्याच्या पानावर मला ते दिसलं, त्याने २१० आणि २११ एकाच पानावर ठेवली होती. फोन करून विचारलं तर पलीकडचा म्हणाला, “ताई, दोन्ही सेमच आहेत, कुठलंही घ्या.” मी म्हटलं, “दादा, सेम असतील तर २१० च पाठवा, आणि बिलावर तसं लिहा.” त्याने लिहिलं. २,१०० रुपये, कुरिअरचे ८० वेगळे. परदेशी साइटवर थोडं स्वस्त दिसत होतं, पण बाहेरून वायरलेस उपकरण आणायचं तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए नावाची मान्यता लागते. ती नसली तर पार्सल कस्टममध्ये अडकायची भीती, आणि दोनशे रुपयांसाठी तो व्याप कोण करणार? मुंबईत राहणाऱ्यांनी लॅमिंग्टन रोडला आणि पुण्याच्या लोकांनी तपकीर गल्लीत एक फेरी मारावी, कार्ड हातात घेऊन वरचा क्रमांक वाचता येतो.

ऑर्डर देण्याआधी आणखी एक गोष्ट तपासली. काही लॅपटॉपांच्या बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मान्य कार्डांची यादी असते, त्यात नसलेलं कार्ड लावलं तर मशीन सुरूच होत नाही. आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा, त्यात वायफाय कार्डांचे प्रकार दिलेले असतात, आणि त्याच मॉडेलवर कुणी कार्ड बदललंय का तेही बघा. माझ्या मॉडेलवर लोकांनी २१० बसवल्याचं सापडलं, तेव्हा पैसे भरले.

१२ जुलैला ऑर्डर. १७ ला आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी, कुरिअरवाल्याचं ऑफिस बंद. पाऊसही लागून राहिलेला. कार्ड १८ ला दुपारी हातात पडलं, आणि २० ला ३बी.

लॅपटॉप मी स्वतः उघडला नाही. पोवई नाक्याजवळ एक दुरुस्तीवाले आहेत, त्यांनी ३०० रुपये घेतले, आणि ते मला स्वस्त वाटले. आधी बॅटरीचं कनेक्शन काढलं. मग जुन्या कार्डावरच्या अँटेनाच्या दोन वायरी, एक काळी, एक पांढरी. त्यांची टोकं डाळीच्या दाण्याएवढीसुद्धा नसतात. सरळ वर उचलून काढायची आणि सरळ वरून दाबून बसवायची, तिरकी दाबली की वाकतात. ती सारखी काढ-घाल करण्यासाठी बनवलेलीच नसतात. माझ्या जुन्या कार्डाला एकच अँटेना जोडलेली होती, पण दुसरी वायर झाकणाखाली मोकळी पडलेली सापडली. ही आपल्याकडे आहे का ते आधी बघा, नव्या कार्डाला दोन्ही लागतात. काम झाल्यावर दुरुस्तीवाले म्हणाले, “मॅडम, चालू करून दाखवा. नाही चाललं तर विंडोज टाकून देऊ का?”

चालू केलं. वायफाय नाही.

आधीच्या अनुभवाने एवढं शिकवलं होतं की आधी विचारायचं, मग घाबरायचं. ‘एलएसपीसीआय -एनएन’ लिहिलं. कार्ड दिसलं, क्रमांक ८०८६:२७२५. (८०८६ हा इंटेलचा निर्माता क्रमांक. १९७८ साली आलेल्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचं नाव तेच होतं. कुणीतरी हौसेने घेतलेला दिसतो.) म्हणजे खाच, बसवणं, बायॉस सगळं ठीक, आणि २१० च आलंय. मग ‘सुडो डीमेसेज’, म्हणजे कर्नलची रोजनिशी. त्यात ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ हा शब्द शोधला. हे इंटेलच्या ड्रायव्हरचं नाव. तिथे ओळीने लिहिलेलं, अमुक क्रमांकाची फाइल मिळाली नाही, त्याच्या खालच्या क्रमांकाची मिळाली नाही, आणि शेवटी ‘नो सूटेबल फर्मवेअर फाउंड’.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर या दोन वेगळ्या गोष्टी. ड्रायव्हर आपल्या प्रोसेसरवर चालतो, फर्मवेअर कार्डावरच्या छोट्या चिपवर. कार्ड ते कायमचं साठवून ठेवत नाही, लॅपटॉप सुरू झाला की ड्रायव्हरने डिस्कवरची फाइल उचलून त्याला भरवायची. ती फाइल इंटेलची, तिचा मूळ कोड खुला नाही, पण वाटायला परवानगी आहे. डेबियनमधलं ते मतदान याच फाइलींवरून झालं होतं. पण डेबियन १२ मध्ये फर्मवेअर येतं ना, मग माझ्याकडे का नव्हतं? कारण इन्स्टॉलर त्या वेळी मशीनमध्ये जे सापडेल, त्यापुरतंच फर्मवेअर टाकतो. मे महिन्यात त्याला जुनं कार्ड दिसलं होतं, त्याने जुन्याचं टाकलं. नव्याची सोय आपण करायची.

दुकानातच फोनची वायर जोडली, टेदरिंग चालू केलं आणि ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’ हे पॅकेज टाकलं. पॅकेज सापडत नसेल तर ‘सोर्सेस.लिस्ट’ या फाइलीत ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा शब्द आहे का बघा. डेबियन ११ वरून १२ वर आलेल्यांना तो हाताने घालावा लागतो, कारण ११ मध्ये हे सगळं ‘नॉन-फ्री’त असायचं. फोनही नसेल तर इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह शोधा, त्यात ‘फर्मवेअर’ नावाच्या फोल्डरमध्ये हीच पॅकेजं असतात. खरं तर कार्ड बदलायच्या आदल्या दिवशीच हे टाकून ठेवता येतं, कार्ड नसलं तरी पॅकेज तक्रार करत नाही.

मग ‘सुडो मॉडप्रोब -आर आयडब्ल्यूएलवायफाय’ने ड्रायव्हर काढला आणि ‘-आर’ वगळून तीच ओळ देऊन परत भरला. कोपऱ्यात नेटवर्कांची यादी आली. दुरुस्तीवाल्यांनी मान वाकवून बघितलं, “आलं की!” मला इतकं हायसं वाटलं की पावसात छत्री दुकानातच राहिली.

घरी येऊन रोजनिशी परत वाचली तर तिथे अजूनही एक लाल ओळ, ‘आयडब्ल्यूएल-डीबग-योयो.बिन’ नावाची फाइल मिळाली नाही. हिच्यापायी लोक रात्र रात्र जागतात. ती फक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या तपासणीसाठी असते, आपल्याला नसली तरी काही बिघडत नाही. खाली ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ अशी ओळ असेल तर निवांत राहा.

ब्लूटूथ मात्र दिसेना. एम.२ कार्डावर वायफाय एका वाटेने जातं आणि ब्लूटूथ आतल्या आत यूएसबीच्या वाटेने, त्यामुळे एक चालून दुसरं न चालणं शक्य असतं. फाइल त्याच पॅकेजात आलेली होती. नुसता रीस्टार्ट पुरला नाही. लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं आणि मग सुरू केला, तेव्हा आलं.

भाच्याला फोन केला, तर म्हणाला, “मावशी, देश इंडिया सेट केलास का?” ५ गीगाहर्ट्झमध्ये कुठले चॅनेल किती ताकदीने वापरायचे, हे देशागणिक बदलतं, आणि लिनक्समध्ये ‘आयडब्ल्यू रेग सेट’ने देश सांगता येतो. पण ‘आयडब्ल्यू रेग गेट’ दिलं तर माझ्या कार्डापुढे ‘सेल्फ-मॅनेज्ड’ लिहिलेलं. इंटेलची ही कार्डं नियम स्वतःच्या फर्मवेअरमधून ठरवतात, आसपासच्या राउटरांवरून देश ओळखतात आणि आपलं ऐकत नाहीत. घरी वापरायला काही अडत नाही. लॅपटॉपवरून ५ गीगाहर्ट्झचा हॉटस्पॉट काढायचा बेत असेल तर मात्र हे कार्ड घेऊ नका, ते परवानगी देत नाही. आणि खोक्यावरच्या ‘६ई’ला मी भुलले नाही. ६ई म्हणजे ६ गीगाहर्ट्झचा पट्टा, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो भारतात वायफायसाठी खुला नव्हता.

राउटर ५ गीगाहर्ट्झवर चॅनेल १४९ ला ठेवलाय. ‘आयडब्ल्यू डेव्ह’च्या लिंकमध्ये हॉलमध्ये बसून ८६६.७ मेगाबिट दिसतात, माझा राउटर ‘वायफाय ५’ या जुन्या पिढीचा असल्याने एवढंच वरचं टोक. मागच्या खोलीत ते कमी होतं, पण २०० चा प्लॅन जवळपास पूर्ण मिळतो. २० तारखेचं ३बी दुपारच्या आत उरकलं.

एक खोड उरली होती. व्हिडिओ कॉलवर आवाज मधेच अडखळायचा. राउटरला पिंग केलं तर वेळ कधी २ मिलिसेकंद, कधी शंभराच्या वर. हे बॅटरी वाचवण्याच्या सोयीमुळे होतं, कार्ड मधेमधे डुलकी घेतं. नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ची किंमत २ केली की ते बंद होतं. (आकडा फसवा आहे: २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू.) बॅटरी थोडी कमी चालते, पण मी तशीही चार्जर लावूनच बसते.

एकूण खर्च: कार्ड २,१००, कुरिअर ८०, बसवणावळ ३००. म्हणजे २,४८०. छत्री दुसऱ्या दिवशी परत मिळाली.

३१ ऑगस्टला डेबियन १२.७ आलं, पुन्हा नव्या कर्नलसकट. मी मुद्दाम १ सप्टेंबरला अपडेट केलं, म्हणजे बिघडलंच तर ११ पर्यंत वेळ हाताशी. रीस्टार्ट झाल्यावर वायफाय आपोआप जोडलं गेलं, ब्लूटूथही. डोंगल भाच्याला परत पाठवून दिला, सोबत हेडरच्या पॅकेजचं नाव चिठ्ठीवर लिहून. त्याच्या रूममेटला तो हवा होता म्हणे.